राउटर समोर, तरी फोन हळू नेटवर्कवर: एका घरातलं प्रकरण

तक्रार साधी होती. राउटर डोळ्यांसमोर आहे, लॅपटॉप सुरळीत चालतोय आणि फोनवरची मीटिंग मात्र दर दोन वाक्यांनंतर गोठतेय. दादाच्या घरी फायबरची २०० मेगाबिटची जोडणी आहे. राउटर दोन बँडचा, म्हणजे वारंवारतेच्या दोन पट्ट्यांवर चालणारा, हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात ठेवलेला. त्याची दोन नेटवर्क दिसतात. त्यांना इथे 'घर' आणि 'घर-५' म्हणतो. पहिलं २.४ गिगाहर्ट्झवर, दुसरं ५ गिगाहर्ट्झवर. राउटर बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं, "दोन्ही टाकून ठेवा, फोन चांगलं ते घेतो." त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोनमध्ये दोन्ही साठवलेली.

त्रास मुख्यतः वहिनीच्या फोनला होता. जुना अँड्रॉइड, आठव्या आवृत्तीनंतर अपडेट थांबलेला, बाकी ठणठणीत. दादाचा आयफोनही अधूनमधून तसंच करायचा, पण तो घरी कमी असतो म्हणून त्याची बोंब कमी. दादाचं उत्तर तयार होतं: "अरे, प्लॅनच वाढवू. नाहीतर नवा राउटर घेऊ." दोन्हींचा उपयोग झाला नसता. का, ते पहिल्याच तपासणीत दिसलं.

जोडणी नाही, निवड चुकतेय

वहिनीचा फोन हातात घेऊन वाय-फायचा तपशील उघडला, तर फोन 'घर'वर. लिंक स्पीड ७२ मेगाबिट. हा आकडा म्हणजे फोन आणि राउटर एकमेकांशी जास्तीत जास्त किती वेगाने बोलू शकतात तो. इंटरनेटचा वेग नव्हे. एकाच अँटेनाचा फोन २.४ वर, २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये (पट्ट्याच्या एका तुकड्यात), ८०२.११एन या वाय-फाय पद्धतीने याच्या वर जाऊच शकत नाही. त्यातला बराच वाटा पोचपावत्या आणि वाट पाहण्यात जातो, उरलेला शेजारपाजारच्या नेटवर्कांशी वाटून घ्यावा लागतो. प्रत्यक्ष चाचणीत जेमतेम वीस मेगाबिट हाती लागत होते आणि तेही स्थिर नव्हते.

तिथेच बसून हाताने 'घर-५' निवडलं. लिंक स्पीड ४३३, चाचणीत जवळजवळ पूर्ण २००. म्हणजे लाइन, राउटर आणि फोन या तिघांतही दोष नव्हता. प्लॅन ५०० चा केला असता तरी ७२ च्या नळातून त्याहून जास्त काही आलं नसतं.

एवढ्यावर काम संपलं असं वाटणं साहजिक होतं. पण दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा 'घर'वर. खरा प्रश्न इथून सुरू झाला: वेगवान नेटवर्क समोर असताना फोन हळूवालं का धरतो?

२.४ हळू का, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं असतं. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यांत आजूबाजूच्या सगळ्या घरांची नेटवर्क, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह. ५ च्या पट्ट्यात जागा भरपूर, ८० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल सहज मिळतं. मात्र वारंवारता वाढली की पोच घटते. मोकळ्या हवेत, तेवढ्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा सहा-सात डेसिबलने कमी भरतो, आणि भिंती मध्ये आल्या की फरक आणखी वाढतो. वेग एकाकडे, पोच दुसऱ्याकडे. बहुतेक फोनांना यातली पोच थेट दिसते. वेगाचा फार तर अंदाज बांधता येतो.

फोन निवडतो कसा

अँड्रॉइडचा निवडीचा कोड खुला आहे, म्हणून इथे तर्क लढवत बसावं लागत नाही. सातव्या-आठव्या आवृत्तीच्या काळात हिशोब गुणांचा होता. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये घ्यायची. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. त्यात ८५ मिळवायचे आणि ४ ने गुणायचं. नेटवर्क ५ गिगाहर्ट्झचं असेल तर ४० गुण जादा. फोन आधीच ज्या नेटवर्कवर आहे त्याला १६, आणि त्याच राउटरच्या त्याच रेडिओवर (प्रत्येक बँडचा प्रक्षेपक वेगळा असतो) असेल तर आणखी २४. ठरावीक पातळीच्या पुढे सिग्नल कितीही जोरदार असला तरी गुण वाढत नाहीत. पासवर्ड असलेल्या नेटवर्कला ८० गुण असतात, पण इथे ते दोन्हींना सारखेच, म्हणून सोडून देऊ.

आता फाटकापाशी उभं राहून हे आकडे मांडू. तिथे 'घर' −७२ वर येतं, 'घर-५' −८० वर. फोन बाहेरून येताना आधी 'घर' पकडतो, कारण तेच आधी ऐकू येतं. त्याचे गुण: १३ चौक ५२, अधिक बसलेल्या जागेचे ४० (१६ आणि २४), एकूण ९२. 'घर-५'चे: ५ चौक २०, अधिक बँडचे ४०, एकूण ६०. फोन 'घर'वर राहतो, आणि त्या क्षणी ते बरोबरही आहे.

हॉलमध्ये चित्र पालटतं. दोन्ही सिग्नल जोरदार, दोन्ही कमाल गुणांच्या मर्यादेला टेकलेले. 'घर'चे शंभराच्या आसपास अधिक बसलेल्या जागेचे ४०. 'घर-५'चे त्याहून थोडे जास्त अधिक बँडचे ४०. म्हणजे वेगवान नेटवर्क जिंकतं, पण बारा-पंधरा गुणांच्या फरकाने. या सगळ्यात इंटरनेटचा वेग मोजलेला कुठेच नाही. ५ गिगाहर्ट्झला दिलेले ४० गुण एवढीच वेगाची दखल.

कागदावर तरी हॉलमध्ये फोन 'घर-५'वर यायला हवा होता. येत नव्हता. याचं उत्तर त्याच कोडमधल्या एका वेगळ्या आकड्यात सापडलं: वापरणाऱ्याने हाताने निवडलेल्या नेटवर्कला ४८० गुण, दर मिनिटाला एक कमी होत जाणारे. म्हणजे एकदा बोट लावलं की त्या निवडीचा प्रभाव आठ तास पुरतो. बारा-पंधरा गुणांच्या चढाओढीत ४८० गुण म्हणजे सामना सुरू होण्याआधीच निकाल.

मी वहिनीला विचारलं, तू कधी हाताने 'घर' निवडतेस का?

"भावजी, मी मुद्दाम हळूवालं कशाला निवडेन?"

मग थोडा विचार करून म्हणाली, "सकाळी मागच्या खोलीत व्यायाम करताना व्हिडिओ थांबतो. तेव्हा दुसरं निवडते. तिथे तेच चालतं."

सगळं जुळलं. मागच्या खोलीत 'घर-५' −८२ पर्यंत पडत होतं. सकाळी साडेसहाला ती 'घर'वर बोट ठेवते. दहाच्या मीटिंगला हॉलमध्ये येते तेव्हा २१० मिनिटं झालेली असतात, ४८० तले २७० गुण शिल्लक. फोन राउटरपासून दोन हातांवर असला तरी हलत नाही, आणि त्याच्या दृष्टीने तो मालकिणीची आज्ञा पाळत असतो. निर्मात्या कंपनीने आपल्या फोनात या आकड्यांत फेरफार केलेले असू शकतात, पण फोनचं वागणं या हिशोबाशी तंतोतंत जुळत होतं: दुपारी अडीच-तीननंतर तो आपोआप 'घर-५'वर जायचा. "दुपारी नेट बरं असतं" अशी घरात समजूतच होती. शेजारचे लोक कामावर गेल्यामुळे तसं होतं, हे दादाचं स्पष्टीकरण ऐकायला बरं होतं.

अँड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीपासून ही गुणपद्धत बदलली आणि जोडणीची अंदाजित क्षमताही त्यात मोजली जाऊ लागली. नव्या फोनांत हा प्रकार त्यामुळे कमी दिसतो. पण हाताने केलेल्या निवडीला झुकतं माप तिथेही आहे, आणि असायलाच हवं. मी स्वतः निवडलेलं नेटवर्क फोनने पाच मिनिटांत बदललं तर मीच चिडेन.

आयफोनचं दुखणं वेगळं

दादाच्या फोनात असा बोटाचा इतिहास नव्हता. त्याचं कारण सोपं निघालं. आयफोन एकदा एका नावाच्या नेटवर्कवर बसला की ते चालू असेपर्यंत सहसा दुसऱ्या नावाकडे बघत नाही. फाटकापाशी 'घर' मिळालं, ते धरलं, आत आला, सिग्नल आणखी सुधारला. मग दुसरं शोधायचं कारणच काय? एकाच नावाच्या दोन रेडिओंमध्ये तो जागा बदलतो, पण त्याचीही अट ॲपलने जाहीर केलेली आहे: सध्याचा सिग्नल −७० च्या खाली गेला तरच शोध सुरू, आणि दुसरा रेडिओ किमान ८ डेसिबलने सरस असेल तरच उडी; फोन निवांत पडलेला असेल तर १२ डेसिबलने. हॉलमध्ये −४५ असताना या अटी पूर्ण होण्याची शक्यताच नाही.

दोन्ही फोनांना सारखं लागू पडणारं एक कारण मात्र राउटरमध्ये होतं, आणि ते शोधायला सगळ्यात वेळ लागला. राउटर बंद-चालू केला की दोन्ही फोन हमखास 'घर'वर जायचे. राउटरच्या पानावर ५ गिगाहर्ट्झचं चॅनेल 'ऑटो' होतं आणि त्याने १०० क्रमांक घेतला होता. ५२ ते १४४ ही चॅनेल बहुतेक देशांत रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत. तिथे प्रक्षेपण सुरू करण्याआधी राउटरने किमान ६० सेकंद नुसतं ऐकायचं, रडार नाही याची खात्री करायची, असा नियम आहे. हवामान रडारच्या भागात काही देशांत हीच मुदत १० मिनिटं. मध्येच रडार ऐकू आलं तर चॅनेल सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. २.४ ला असं बंधन नाही. म्हणून राउटर चालू होताच 'घर' हजर, 'घर-५' एक मिनिट उशिरा. तोवर घरातले सगळे फोन 'घर'वर जाऊन बसलेले. वीज गेली-आली की नेट मंद होतं, ही घरातली दुसरी समजूत. ती मात्र खरी ठरली.

काय काय करून पाहिलं

पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तो: फोनमध्ये नेटवर्कांचा क्रम लावून द्यावा. असा क्रम शुद्ध अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये नाही. आयफोनमध्येही नाही, तो मागच्या वापरावरून स्वतःच पसंती ठरवतो. नेटवर्क बदलून देणारी ॲप्स मिळतात. एक वहिनीच्या फोनवर चालवून पाहिलं. ते दर थोड्या वेळाने स्कॅन करतं, त्यासाठी लोकेशनची परवानगी मागतं, बॅटरी खातं, आणि बदल करतं तेव्हा चालू कॉल एक-दोन सेकंद तुटतो. मीटिंग अडखळू नये म्हणून आणलेली गोष्ट मीटिंग तोडणार असेल तर ती नको. काढून टाकलं.

दुसरा मार्ग जास्त भारदस्त: दोन्ही बँडना एकच नाव द्यायचं आणि निवड राउटरवर सोपवायची. राउटरमध्ये त्यासाठी 'स्मार्ट कनेक्ट' नावाचा पर्याय होता. यात राउटर २.४ वरून येणाऱ्या विचारणेला मुद्दाम उशिरा उत्तर देतो, किंवा ८०२.११व्ही या वाय-फायच्याच एका पद्धतीने फोनला "तिकडे जा" असं सुचवतो. सुचवतो, एवढंच, ऐकायचं की नाही हे फोनच ठरवतो. आयफोनने ऐकलं. वहिनीच्या फोनने एकदाही ऐकलं नाही, आणि आता दोन वेगळी नावंच नसल्यामुळे तिला हाताने निवडायचीही सोय उरली नाही. शिवाय नवा दिवा जोडताना त्याचं ॲप अडलं. बरेचसे स्मार्ट दिवे २.४ वरच चालतात आणि जोडणी करताना फोनही २.४ वर असावा अशी त्यांची अपेक्षा असते.

घरातले सगळे फोन गेल्या तीन-चार वर्षांतले असतील आणि राउटर बरा असेल, तर मी आजही एकच नाव ठेवा असंच सांगेन. त्या वेळी २.४ च्या प्रक्षेपणाची ताकद राउटरमधून मध्यम किंवा कमी करावी. अनेक राउटरांत तो पर्याय असतो. मग हॉलमध्ये दोन्ही सिग्नल बरोबरीला येतात आणि फोनला ५ कडे वळायला कारण मिळतं. या घरात एका जुन्या फोनामुळे ते बसत नव्हतं.

शेवटी ठरलं ते सगळ्यात साधं: ज्या फोनला वेगवान नेटवर्कच हवं आहे, त्याच्या यादीत हळूवालं ठेवायचंच नाही. फोनला आवडनिवड शिकवता येत नव्हती, पण पर्याय काढून घेता येत होता.

वहिनीच्या फोनमधून 'घर' विसरायला लावलं. तिच्या आवृत्तीत एकेका नेटवर्कपुरतं आपोआप जोडणं बंद करायची सोय नाही. नव्या अँड्रॉइडमध्ये असते. दादाच्या आयफोनवर 'घर'च्या तपशिलात जाऊन फक्त 'ऑटो-जॉइन' बंद केलं. तिथे 'फॉरगेट' मुद्दाम टाळलं. आयक्लाउड कीचेन (पासवर्ड सगळ्या ॲपल उपकरणांत सारखे ठेवणारी सोय) चालू असेल तर एका उपकरणावर विसरलेलं नेटवर्क त्याच खात्याच्या मॅक आणि आयपॅडवरूनही जातं. शिवाय दिवा किंवा कॅमेरा जोडायची वेळ आली की पासवर्ड न शोधता 'घर'वर एक बोट ठेवलं की काम होतं.

एवढंच केलं असतं तर मागच्या खोलीचा प्रश्न उरला असता, आणि वहिनीने तिसऱ्या दिवशी 'घर' परत टाकलं असतं. तिची सकाळची निवड चुकीची नव्हतीच. त्या खोलीत ५ पोचत नव्हतं. म्हणून राउटर टीव्हीच्या मागून बाहेर काढला. टीव्हीचा धातूचा पाठभाग आणि कपाटाचं दार हे दोन्ही मागच्या खोलीच्या दिशेलाच येत होते. लांब केबल घेऊन तो पॅसेजच्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर लावला. मागच्या खोलीतलं −८२ चं −६९ झालं. −६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो असं धरतात. व्यायामाच्या व्हिडिओला तेवढं पुरेसं. हे आकडे वहिनीच्याच फोनवर घेतले: डेव्हलपर पर्यायांमध्ये वाय-फायचं तपशीलवार लॉगिंग चालू केलं की नेटवर्कच्या यादीत प्रत्येक नावाखाली सिग्नलचा आकडा दिसू लागतो. आयफोनवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी ॲपमधला वाय-फाय स्कॅनर सेटिंगमधून चालू करावा लागतो.

राउटरवर ५ चं चॅनेल 'ऑटो'वरून काढून ३६ केलं, रुंदी ८० मेगाहर्ट्झच ठेवली. ३६ ते ४८ हा गट त्यात मावतो आणि तिथे रडारसाठी थांबावं लागत नाही. आसपास त्या गटात एकदोनच नेटवर्क दिसत होती, त्यामुळे तोटा नव्हता. जिथे ३६ वर गर्दी असेल तिथे मात्र मी १०० वरच राहीन आणि सुरुवातीचं ते एक मिनिट सोसेन.

'घर'चं नाव बदलून टाकायचा विचारही झाला होता. तसं केलं की सगळ्या फोनांतून ते एका फटक्यात निरुपयोगी होतं, एकेक फोन हातात घ्यायला नको. पण दिवे, कॅमेरा आणि प्रिंटरही सोबत तुटतात आणि प्रत्येकाची जोडणी नव्याने करावी लागते. अशी उपकरणं नसलेल्या घरात हाच सगळ्यात झटपट मार्ग.

दादाला एक शंका होती: फोन एका नावावर आणि प्रिंटर दुसऱ्यावर, मग छपाई कशी होणार? होते. दोन्ही नावं एकाच राउटरच्या एकाच घरगुती जाळ्यात उघडतात. अडचण येते ती 'गेस्ट' नेटवर्क वापरलं तर, किंवा राउटरमध्ये उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याचा पर्याय चालू असेल तर.

तपासणी आणि उरलेलं

तपासणी तीन प्रसंगांवर केली, कारण बिघाड त्या तीन ठिकाणीच होता. राउटर बंद-चालू केला: दोन्ही रेडिओ जवळपास एकदमच आले, फोन 'घर-५'वर. फाटकाबाहेरून आत आलो: फोन काही पावलं मोबाइल डेटावर राहतो आणि दारात येताच वाय-फाय घेतो. सकाळी मागच्या खोलीत व्यायाम, मग हॉलमध्ये मीटिंग: नेटवर्क बदललंच नाही, बदलायला दुसरं होतंच कुठे.

किंमत मोजावी लागली ती गच्चीत. तिथे 'घर' अंधूक का होईना मिळायचं, आता काहीच मिळत नाही आणि फोन मोबाइल डेटावर जातो. वहिनीला ते चाललं. तिच्या मते तिथलं आधीचं वाय-फायही नावापुरतंच होतं. न चालणारं असतं तर पॅसेजच्या टोकाला केबलने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा वेगळा डबा, लावावा लागला असता. हवेतूनच सिग्नल घेऊन पुढे देणारा एक्स्टेंडर मी सुचवला नसता. त्यात एकच रेडिओ असेल तर प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो, म्हणजे फोनच्या यादीत पुन्हा एक हळूवालं नाव.

आईच्या टॅबमध्ये ५ गिगाहर्ट्झचा रेडिओच नाही. तो 'घर'वरच आहे. दोन फोन तिथून उठल्यावर त्याचे व्हिडिओ पूर्वीपेक्षा बरे चालतात, त्यामुळे त्याला हात लावला नाही. प्लॅन २०० चाच आहे.